चिखलातून वर आलेले गुडघे

मागच्या अंकात हेवाळे-बांबर्डेच्या जायफळाच्या राईबद्दल अर्ध्या पानाची टीप टाकली होती, मला वाटलं चार लोक वाचतील आणि पान उलटतील. पण पत्रं आली, मेल आले, व्हॉट्सअॅपवर मुळांचे फोटो आले, त्यातले निम्मे वडाच्या पारंब्यांचे होते (हरकत नाही, पाठवत राहा). म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देते.

ज्यांनी टीप वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्डेला एक पाणथळ राई आहे, 2.59 हेक्टरची, म्हणजे साडेसहा एकरालाही जराशी कमीच. तिथे वाढतं रानजायफळ, शास्त्रीय नाव मिरिस्टिका मॅग्निफिका. हे झाड फक्त पश्चिम घाटात आहे, जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या जागतिक संघटनेच्या यादीत ते संकटग्रस्त म्हणून नोंदलेलं आहे. 2020-21 च्या दरम्यान राज्य सरकारने ही राई जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आता प्रश्न.

ताई नमस्कार. आमची वडिलोपार्जित पोफळीची बाग आहे. बागेच्या वरच्या अंगाला व्हाळ आणि त्याला लागून जुनं रान, तिथे भर मे महिन्यातसुद्धा पाय टाकला की चिखल. त्या चिखलातून मुळं वर येतात, वाकतात आणि परत खाली जातात, लहानपणी आम्ही त्यात अडकून पडायचो. धाकटा भाऊ म्हणतो जेसीबी लावून चर मारू, पाणी निघून जाईल, अजून दोन-अडीचशे पोफळी बसतील. तुम्ही लिहिलंत ते झाड हेच का? आणि असेल तर आम्ही काय करावं? – दोडामार्ग तालुक्यातून एक वाचक

दादा, आधी जेसीबीवाल्याला फोन करून सांगा की या महिन्यात येऊ नको. बाकीचं आपण निवांत बोलू.

तुम्ही मुळांचं जे वर्णन केलंय ते वाचून माझे कान टवकारले हे खरं, पण नुसत्या मुळांवरून सांगता येत नाही. पाणथळीत वाढणारी बरीच झाडं असले उद्योग करतात, कारण अडचण सगळ्यांची एकच असते. चिखल सतत पाण्याने भरलेला, त्यात हवाच नाही, आणि मुळांना तर श्वास लागतो, मग काही झाडं मुळं चिखलाच्या वर काढतात, हवा घेतात आणि परत खाली घालतात, ते दिसतं अगदी माणूस पाण्यात बसलाय आणि गुडघे तेवढे वर आलेत असं. काही झाडं बुंध्यालाच टेकू लावतात, खोडाच्या फूट-दोन फूट वरून मुळं तिरकी निघून चिखलात रुततात, म्हणजे मऊ जमिनीत झाड कलंडू नये. जायफळाच्या पाणथळीत हे दोन्ही प्रकार बघायला मिळतात.

तर अजून तीन गोष्टी बघा. एक, पानं. रानजायफळाचं पान लहानसहान नसतं, चांगलं दीड-दोन वीत लांब, जाडसर, खाली पडलेली पानं चिखलावर एकावर एक थर लावून कुजत असतात. दुसरं, रस. जायफळाच्या सगळ्या घराण्याचा रस लालसर असतो, पण म्हणून कोयता मारून बघू नका प्लीज, एखादी बारीक डहाळी वाऱ्याने मोडलेली असेल तिचं टोक बघा किंवा नखाने किंचित खरवडा, रक्तासारखं काही दिसलं तर ही जायफळाच्या कुळातली असण्याची शक्यता बरीच. तिसरं म्हणजे फळ, झाडाखाली फुटलेलं मिळालं तर आत बी आणि बीवर जाळीदार पत्री, आपण जायपत्री म्हणतो तसलीच. हे तिन्ही जुळलं तर फोटो काढा, पान-फळ-मुळं वेगवेगळे आणि जवळून, आणि शेजारी पट्टी नाहीतर माचिसची काडेपेटी ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवा. नक्की नाव तेच सांगतील, मी फोटोवरून सांगणार नाही, एकदा तोंडघशी पडलेय.

आता भावाचं म्हणणं. मला त्याच्यावर राग नाही, पोफळीचा भाव काय आहे ते मलाही माहितीय. पण चर मारल्यावर काय होतं ते त्याला सांगा. ते झाड चिखलात *राहू शकतं* एवढंच नाहीये, त्या चिखलात दुसरं कोणी टिकत नाही म्हणून ते झाड तिथे आहे. पाणी उतरलं की मोठी झाडं लगेच मरत नाहीत, काही वर्षं उभी दिसतात, आणि त्यामुळेच माणूस फसतो, म्हणतो बघा काही झालं नाही. पण खाली रोप येणं थांबतं, कोरड्या जमिनीवरची झाडं आत घुसतात, आणि जुनी पडली की जागेवर यायला कोणी नसतं. त्यात अजून एक गोम आहे, या झाडात नर वेगळा आणि मादी वेगळी. तुम्ही पंधरातली दहा तोडलीत आणि उरलेली पाच सगळी नर निघाली तर ती राई कागदावर जिवंत आणि प्रत्यक्षात संपलेली.

आणि मला तुम्हा दोघांना एकच विचारायचंय, तुमच्या खालच्या बागेला एप्रिल-मेमध्ये पाणी कुठून येतं? पाट त्या व्हाळावरूनच काढलेला असेल ना? मग वरचा तो चिखल म्हणजे तुमची टाकी आहे, पावसाचं पाणी धरून ठेवणारी आणि उन्हाळ्यात थोडं थोडं सोडणारी. चर मारलात की पाणी जूनमध्येच धो धो निघून जाणार, पुढे तिल्लारीला आणि तिथून गोव्यात, तिथे तीच नदी शापोरा म्हणून समुद्राला मिळते. मग अडीचशे नव्या पोफळींना तर नाहीच, जुन्यांनाही बोअर मारायची वेळ येईल. हा हिशोब भावाला झाडाच्या दुर्मिळपणापेक्षा लवकर पटेल असं मला वाटतं. मुळात असल्या राया गेल्या त्या अशाच गेल्या, केरळात आणि कर्नाटकात जायफळाच्या पाणथळी बुजवून भातशेती आणि सुपारीच्या बागा झाल्या, कारण बारमाही पाण्याची सपाट जागा शेतकऱ्याला तरी दुसरी कुठे मिळणार. ज्या उरल्या त्यातल्या बऱ्याच देवाच्या नावाने उरल्या.

अजून एक व्यवहाराची गोष्ट, सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात झाडतोडीला मुंबई हायकोर्टाने 2013 मध्ये मनाई केलेली आहे, त्यामुळे स्वतःच्या जागेतली झाडं असली तरी आधी वनखात्यात चौकशी केल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका, उगाच लफडं होईल.

हे जायफळ आपल्या जायफळासारखं वापरता येतं का? श्रीखंडात चालेल? – पुण्याहून एक काकू

नाही काकू. श्रीखंडातलं जायफळ म्हणजे मिरिस्टिका फ्रॅग्रन्स, मूळ इंडोनेशियातल्या बांदा बेटांचं, आपल्याकडे कोकणात-केरळात लागवडीने आलेलं. रानातली जायफळं त्याची चुलत भावंडं, आडनाव एक पण गुण वेगळे, वास जवळजवळ नाहीच.

पण तुमच्या मसाल्याच्या डब्यात एक चुलत भाऊ बहुतेक आधीच बसलेला आहे! रामपत्री म्हणून जी मिळते ती मिरिस्टिका मलबारिका या दुसऱ्या रानजायफळाची पत्री, तीही पश्चिम घाटातलीच. व्यापारात तिला 'बॉम्बे मेस' म्हणायचे, म्हणजे नाव मुंबईचं आणि माल घाटातल्या जंगलातला. अस्सल जायपत्रीत ती मिसळतात, रंग देते पण सुगंध नाही. पुढच्या वेळी दुकानात जायपत्री घेताना चिमूटभर चुरडून नाकाशी धरा, नुसता रंग लागला आणि वास आला नाही तर समजा. आणि ही रामपत्री गोळा करताना फळं हाताला येत नाहीत म्हणून अख्ख्या फांद्या छाटतात, ते झाडही आता धोक्याच्या यादीत आहे. मी घरी रामपत्री घेणं बंद केलंय, मसाल्यात काही फरक पडला नाही, सासूबाईंनाही कळलं नाही.

आमचं कर्जतला फार्महाऊस आहे. या झाडाची पाच-सहा रोपं मिळाली तर लावायची इच्छा आहे, तेवढाच संवर्धनाला हातभार. नर्सरीचा पत्ता द्याल का? – ठाण्याहून एक वाचक

तुमचा हेतू चांगला आहे म्हणून सरळ सांगते, नका लावू.

याच्या बिया वाळवून डब्यात भरून ठेवता येत नाहीत. बी सुकलं की मेलं. मी हे स्वतःच्या हाताने करून बसलेय, फार वर्षांपूर्वी एका रानजायफळाच्या मूठभर बिया आणल्या आणि आपण भोपळ्याच्या बिया वाळवतो तशा पेपरवर पसरून पंधरा दिवस बाल्कनीत ठेवल्या, मग मोठ्या कौतुकाने पिशव्यांत लावल्या, रोज पाणी, शेणखत, सगळं. एक सुद्धा उगवली नाही. एक फोडून बघितली तर आत गर आक्रसून दगडासारखा कडक झालेला. त्या बिया झाडाखालीच राहिल्या असत्या तर चारदोन तरी रुजल्या असत्या, ही बोचणी अजून आहे. आणि झाडाखाली पडलेली फळं वाया जातात असंही कोणी समजू नये, पत्रीच्या लालचीने ककणेर (म्हणजे धनेश) आणि रानकबुतरं बिया गिळतात, लांब नेऊन टाकतात, उरलेल्या चिखलातले खेकडे ओढून नेतात.

समजा रोप मिळालंच, तर तुमच्याकडे बारमाही वाहतं पाणी आणि सावलीतला चिखल आहे का? लॉनवर स्प्रिंकलर म्हणजे पाणथळ नव्हे. परत पाच-सहा रोपांत नर किती मादी किती हे फुलं येईपर्यंत कळत नाही, आणि त्याला वर्षानुवर्षं जातात.

रोपं करून पाणथळ पुन्हा उभी करण्याचं काम होतंच नाही असं नाही. उत्तर कन्नडमध्ये सिरसीच्या वनशास्त्र महाविद्यालयातल्या लोकांनी आणि होन्नावरजवळच्या स्नेहकुंज ट्रस्टने गावकऱ्यांना घेऊन ते केलंय, पण ते मोडलेल्या पाणथळीच्या कडेलाच, तिथल्याच बियांपासून, तिथलंच पाणी परत वळवून. झाड पिशवीत वाढतं हो, राई पिशवीत वाढत नाही. तुम्हाला कर्जतला काही लावायचंच असेल तर तुमच्या ओढ्याकाठी आधी काय होतं ते गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, उंबर, करंज, जांभूळ, जे सांगतील ते लावा.

वारसा स्थळ झालं म्हणजे जमीन सरकारजमा झाली का? आमच्या गावात पण एक पाणथळ राई आहे, पण लोक घाबरतात, म्हणतात बोललो तर उद्या देवाला नारळ द्यायलाही परवानगी लागेल. – सत्तरी, गोव्याहून एक वाचक

ही भीती मी प्रत्येक गावात ऐकते आणि ती बिनबुडाची आहे असंही म्हणवत नाही, कारण अभयारण्याचा अनुभव लोकांनी घेतलेला असतो. पण अभयारण्य वेगळं, वारसा स्थळ वेगळं. वारसा स्थळ होतं ते 2002 च्या जैविक विविधता कायद्याच्या कलम 37 खाली, आणि राज्य सरकारला ते स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करूनच जाहीर करावं लागतं. राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाच्या मार्गदर्शक सूचनांत तर स्वच्छ म्हटलंय की स्थानिक लोकांच्या चालत आलेल्या रीतींवर, वापरावर यामुळे बंधन येऊ नये, लोकांनी स्वतःहून ठरवलेलं असेल तेवढं सोडून. म्हणजे नारळ द्या, गाऱ्हाणं घाला, कोणी अडवणार नाही. मालकीही बदलत नाही. ज्याचं आर्थिक नुकसान होईल त्याच्यासाठी योजना करायची तरतूदही त्याच कलमात आहे, आता ती प्रत्यक्षात किती हलते ते तुम्ही-आम्ही जाणतोच.

कागदापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती. ती कायद्याने प्रत्येक पंचायतीत असायला हवी, बऱ्याच ठिकाणी ती फक्त रजिस्टरात असते. तुमच्याकडे आहे का विचारा, लोक जैवविविधता नोंदवहीत तुमच्या राईचं पान आहे का बघा. नसेल तर ते लिहून घेणं हे पहिलं काम, वारसा स्थळ वगैरे नंतरची गोष्ट.

आणि तुम्ही सत्तरीचे म्हणजे तुम्हाला मी काय सांगणार! बांबरची निरंकाराची राई तुमच्याच तालुक्यात, ब्रह्माकरमळीची अजोबाची तळीही तिथलीच. या दोन्ही जायफळाच्या पाणथळी आहेत आणि कुठलाही कायदा यायच्या आधीपासून त्या राखल्या गेल्यात, राईतलं लाकूड घरी न्यायचं नाही एवढ्या एका धाकावर. तो धाक आता पुरत नाही, हे मात्र मान्य करावं लागेल. देवाचा कोप झाडं तोडणाऱ्यावर होतो, वरच्या अंगाला रबर लावणाऱ्यावर किंवा झऱ्याला पाईप जोडणाऱ्यावर होतो असं कोणी सांगितलेलं नाही, आणि राई आता मरते ती अशी, बाहेरून.

मी रत्नागिरीजवळ शाळेत शिकवते. मुलांनी विचारलं की ही मुळं आमच्या खाडीतल्या कांदळवनासारखी दिसतात, मग हे झाड खाडीत का लावत नाहीत? मला उत्तर देता आलं नाही.

मॅडम, मुलांना शाबासकी द्या, कारण पाचसहा पत्रांत सगळ्यात भारी प्रश्न हाच आहे.

दिसायला सारखं आहे कारण अडचण सारखी आहे, बिनहवेचा चिखल. खाडीतली तिवर पेन्सिलीसारखी मुळं सरळ वर काढते, कांदळ बुंध्याला टेकू लावतो, रानजायफळही टेकूच लावतं. पण ही काही एकमेकांची नात्यातली नाहीत, एकाच परीक्षेला तिघांनी आपापल्या घरी बसून तेच उत्तर लिहिलं असं समजा. फरक मिठाचा. तिवर पानावाटे मीठ बाहेर टाकते, पानाची मागची बाजू चाटून बघायला सांगा मुलांना, खारट लागेल. जायफळाकडे ही सोय नाही, त्याला गोडंच पाणी लागतं, खाडीत लावलं तर गेलंच.

आणि मुलांना बेडकाची गोष्ट सांगा. 1960 मध्ये कृष्णमूर्ती नावाच्या अभ्यासकाने केरळातल्या या पाणथळींवर लिहिलं, तेव्हा जगाला हे जंगल कळलं. त्यानंतर पन्नासेक वर्षांनी, 2013 मध्ये, तिथेच एक झाडावरचा बेडूक सापडला जो शास्त्राला माहीतच नव्हता, त्याचं नाव ठेवलं मर्क्युराना मिरिस्टिकापालुस्ट्रिस. त्यातलं मर्क्युरी म्हणजे फ्रेडी मर्क्युरी, क्वीन बँडचा गायक, जो आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकला! आणि कर्नाटकात सिद्धापूर तालुक्यात कत्तलेकानच्या पाणथळीत बिब्ब्याचा एक नवाच भाऊबंद मिळाला, 2000 साली त्याचं नाव जाहीर झालं, सेमेकार्पस कत्तलेकानेन्सिस. म्हणजे माणसं चंद्रावर जाऊन आली तरी घाटाच्या पायथ्याच्या एका चिखलात उभं असलेलं एवढं मोठं झाड कोणी नीट बघितलं नव्हतं. मुलं यावर बरेच प्रश्न विचारतील, ते मला पाठवा.

आमचा पंचवीस जणांचा ट्रेकिंग ग्रुप आहे, पावसाळ्यात हेवाळे-बांबर्डेला यायचंय. मार्गदर्शन कराल का? – मुंबईहून एक वाचक

पंचवीस जण नको. मी पहिल्यांदा असल्या एका राईत गेले तेव्हा आम्ही चौघं होतो, वाटाड्या धरून, आणि तरी परत येताना मागे वळून बघितलं तर चिखलात आमच्या बुटांचे खड्डे, आणि एका खड्ड्यात तळाला दोन पानांचं कोवळं रोप आडवं झालेलं. कोणाचा बूट ते कळलं नाही, माझाही असेल. वाटाड्या काही बोलला नाही, वाकून त्याने ते बोटाने सरळ केलं आणि बाजूचा चिखल दाबला. तो स्वतः अनवाणी होता आणि मुळांवरूनच चालत होता, चिखलात पाय टाकतच नव्हता.

पावसाळ्यात तर नकोच, पाणी वाढलेलं असतं आणि जळवाही असतात. डिसेंबर-जानेवारीत चार-पाच जण या, ग्रामपंचायतीला आधी विचारून, गावातलाच माणूस बरोबर घेऊन आणि त्याला पैसे देऊन. बूट बाहेर काढायला तो सांगेल, तेव्हा काढा.